चावीमामांनी उघडलेलं दार

चावीमामांचा धंद्यातला एकच नियम होता. मालक शेजारी उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा सख्खा भाचा घराची किल्ली हरवून आला, तर बहीण येईपर्यंत मामांनी त्याला पायरीवर बसवून ठेवलं. भाचा चिडला, रुसला, मामा ढिम्म हलले नाहीत.

त्याच मामांच्या लेकीचा खून झाला. शेजारच्या गल्लीतल्या पोरानं केला. तेव्हापासून मामांच्या तोंडी एकच, "त्याला फासावर लटकलेला बघितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही." कोर्टानं जन्मठेप दिली आणि मामा पेटलेच. किल्लीवर कानस घासता घासता गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "हा कसला डोंबलाचा न्याय?" लोक माना डोलवायचे. डोलवायला काय जातंय हो लोकांचं!

एका दुपारी दुकानात ही गर्दी घुसली. "मामा, चला! तो तुरुंगातून रजेवर सुटलाय. घरात लपलाय, बाहेरून कुलूप घालून!" मामांनी हत्यारं उचलली. मालक कुठंय, हे विचारलंच नाही.

कुलूप चटकन उघडलं. आत तापानं फणफणलेला एक तरुण पलंगावर धडपडत उठून बसला. खुन्याचा धाकटा भाऊ! नाकडोळे तेच, माणूस दुसरा. "अरे थांबा, हा तो नव्हे!" मामा बेंबीच्या देठापासून ओरडले. ऐकतंय कोण? त्याला फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं. मामा मध्ये पडले, तर त्यांनाच भिंतीवर ढकललं. बघता बघता पोरगा संपला. अहो, संपला! जाताना कुणीतरी मामांच्या पाठीवर थाप मारली, "झाला बघा न्याय!" मामांना पळायचंही सुचेना.

तेवढ्यात पोराची आई औषध घेऊन आली. लोकांच्या भीतीनं तीच दाराला कुलूप घालून गेली होती. ती मटकन खाली बसली, पोराचं डोकं मांडीवर घेतलं. मग दाराकडे बघितलं.

"कुलूप तर फोडलेलं नाही. उघडलं कुणी?"

"मी उघडलं, ताई."

"थोरल्यासाठी तुम्ही फाशी मागितलीत, मी तोंडातून शब्द काढला नाही. तुमची लेक गेली होती." तिचा आवाज चढला. "पण ह्यानं काय केलं होतं, मामा?"

मामांनी हातातली हत्यारं उंबऱ्यावर ठेवली. ती मात्र त्यांच्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत बसली होती.