उभ्या बसचा धूर

समस्त फुफ्फुसधारकांनो, गंभीर घोषणा ऐका: बेहाला उपनगराकडे जाणाऱ्या बसमध्ये मला आरोग्यरक्षक भेटला होता! सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भर मे महिन्यात मफलरने नाक झाकलेले हे दमेकरी गृहस्थ चौकात बस थांबताच ओरडले, "इंजिन बंद करा, दादा! उभ्या गाडीचा धूर छातीत बसतो."

"मग धक्का मारावा लागेल," ड्रायव्हर गुरकावला.

"मारू की!" त्यांनी आम्हा सगळ्यांच्या वतीने वचन दिलं.

इंजिन बंद झालं, धूर विरला, त्यांची धाप थांबली. चौकातल्या पोलिसाने निघायला हात दाखवला, पण बस सुरू होईना. त्या गृहस्थांना शिव्या घालत आम्ही धक्का मारायला मागे गेलो. गृहस्थ आधीच डावा कोपरा पकडून उभे होते. बस सुरू झाली आणि आमची तोंडं काळी झाली. ते मात्र स्वच्छ!

"अहो," ते कळवळून म्हणाले, "धुराची नळी कुठे आहे ते बघून तरी उभं राहायचं!"