शेरा : राहणीमान चांगले

१९७४ च्या जुलैमध्ये, मी आठवीत असताना, शाळेने माझा नादारीचा अर्ज नामंजूर केला. अर्जाच्या शेवटच्या रकान्यात निळ्या शाईने दोन शब्द होते : ‘राहणीमान चांगले’.

नादारी म्हणजे फीमाफी. आमच्या हायस्कुलात ती दोन प्रकारची असे, पुरी आणि अर्धी. सातवीपर्यंत मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत होते, तिथे फीचा प्रश्न आला नव्हता. वडील नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानात विक्रीला उभे राहत. अर्जाला त्यांच्या मालकाचा पगाराचा दाखला जोडलेला होता आणि तो खरा होता. जूनमध्येच त्यांनी मला सांगून टाकले होते, “नादारी मिळाली तर शीक. नाही मिळाली तर आईजवळ मशीनवर बसायचं.” त्यात राग नव्हता. त्यांनी ते दुकानात भाव सांगावा तसे सांगितले.

आम्ही भवानी पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. आई, वडील, मी आणि धाकटा भाऊ. आईचे एक म्हणणे होते की पैसे नसले तरी घर बघवत नाही असे दिसता कामा नये. भाताची पेज ती कपड्यांच्या खळीसाठी राखून ठेवी. इस्त्री नव्हती, म्हणून पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने कपडे कडक करी. वडिलांच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी लावी. कान तुटलेल्या कपांत तिने खिडकीत तुळस, ओवा आणि पुदिना लावला होता. आमच्याकडे शेंगाचटणी आणि भाकरीच असायची, पण ती ताटात कुठे वाढायची हे ठरलेले होते, आणि कांदा फुलासारखा कापलेला असायचा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघे नटूनथटून नव्या पेठेत फिरायला जात असू. विकत काही घ्यायचे नसे. एका दुकानासमोर आई लेमनची एक बाटली मागे आणि चार ग्लास. चौघांना सारखे ओतायला तिला एकदाही दुसऱ्यांदा बघावे लागले नाही.

शाळेने शेरा मारला तो या सगळ्यावर.

अर्ज परत आला त्या संध्याकाळी वडिलांनी तो दोनदा वाचला आणि आईकडे दिला. आई म्हणाली, “चूक काय लिहिलंय? चांगलंच आहे.” मी तिथेच पडलेली भावाची पाटी भिंतीकडे फेकली. ती फुटली नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी वडिलांच्या विनंतीवरून निरोप दिला की शनिवारी शाळा सुटल्यावर आईने मुलीला घेऊन भेटावे, फेरविचार करता येईल.

शेजारच्या अक्कांना हे आमच्या भिंतीतूनच कळले असावे. त्यांच्या घरात कन्नड चाले, आमच्याशी त्या मराठी बोलत. शुक्रवारी त्या एक जुने पातळ घेऊन आल्या.

“ताई, येक सांगू का? उद्या इस्त्री करू नगा. हे नेसा. गुडघ्याला ठिगळ हाय बगा, लई कामाला येतंय.”

आईने पातळ उलगडून ठिगळ पाहिले. “असं वरून का लावलंत हो अक्का? आतून लावायचं. दिसत नाही मग.”

“अवो, दिसायलाच पायजे की! दिसंना तर फी कशी माफ हुईल? आनि पोरीचं क्यास नीट इंचरू नगा. जरा इस्कटलेलं ऱ्हाऊ द्या.”

आई हसली, पण पातळ ठेवून घेतले. मला हायसे वाटले.

शनिवारी सकाळची शाळा होती. साडेदहाला मी घरी आले तेव्हा आई तयार होती. तिने अक्कांचेच पातळ नेसले होते. फक्त पहाटे तिने ठिगळ उसवून आतून लावले होते, काठाचे सुटलेले धागे ओवून घेतले होते, पातळाला खळ देऊन ते अंगणात वाळवले होते आणि त्यावरून तांब्या फिरवला होता. ते पातळ आधी कसे होते हे मला माहीत नसते तर मी ते नवे समजले असते. अक्का दारातच उभ्या होत्या.

“हे माझं पातळ हाय व्हय?” त्यांनी विचारले.

“तुमचंच. परत देताना असंच देईन.”

“आता ह्ये मी कुटं नेसू? लगनाला?”

मी आईला म्हणाले, “तुला कळत कसं नाही? आज आपल्याला गरीब दिसायचंय.”

“आहोतच की,” आई म्हणाली. “दिसायचं कशाला?” आणि तिने माझी वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. मी डोके हिसडले तेव्हा तिने कंगव्याने एक टपली मारली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत ते स्वतः आणि शिवणाच्या बाई होत्या. बाई नादारी समितीवर होत्या. मुख्याध्यापकांनी आईला बसायला सांगितले आणि पहिल्यांदा तिच्या पातळाकडे, मग माझ्या स्कर्टकडे पाहिले.

“हे बघा बाई, दाखला आम्ही खोटा म्हणत नाही. पण गेल्या महिन्यात मी तुम्हाला नव्या पेठेत पाहिलं. सहकुटुंब. सगळे कडक इस्त्रीत. लेमन पीत होता.”

“हो. एक बाटली.”

“चौघं होतात.”

“चार ग्लास मागितले होते.”

हे त्यांनी कागदावर लिहून घेतले नाही. मी ते लिहितात का याकडेच बघत होते.

मग शिवणाच्या बाई बोलल्या. “आणि हा स्कर्ट. चहूबाजूंनी बॉक्स प्लीटच्या चुण्या. आम्ही मुलींना साधा घेराचा शिवायला सांगतो, कापड वाचावं म्हणून. याला दुप्पट कापड जातं. ज्यांना परवडतं त्यांनी घालावा, माझं काही म्हणणं नाही.”

तोवर आई मान खाली घालून ऐकत होती. आता तिने मान वर केली.

“दुप्पट नाही लागलेलं.”

“मी वीस वर्षं शिवण शिकवते.”

“असेल. पण हे दुप्पट नाही.” आई माझ्याकडे वळली. “इकडे ये. उलटी फिर.”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. आईने स्कर्टची खालची दुमड हातात घेऊन एक प्लीट आतून उघडली. वडिलांच्या दुकानात कापडाच्या ठाणाच्या शेवटी वीतभर रुंदीचे तुकडे उरत. ते कुणी विकत घेत नसे. त्यांतल्या निळ्या तुकड्यांचा तो स्कर्ट होता. तुकडे तीन वेगवेगळ्या निळ्यांचे होते. जोड प्लीटच्या पोटात येईल असा प्रत्येक तुकडा लावलेला होता, आणि गडद निळा नेहमी आत. दोन प्लीटांच्या आत गिरणीच्या सोनेरी शिक्क्याची अर्धी अर्धी अक्षरे होती. प्लीट शोभेसाठी नव्हत्या. त्या नसत्या तर जोड दिसले असते.

बाईंनी चष्मा लावला आणि खुर्ची सोडून खाली बसल्या. एकेक प्लीट उघडून त्या जोड मोजत गेल्या. मी पुतळ्यासारखी उभी होते. व्हरांड्यातून दहावीच्या दोन मुली आत बघून गेल्या.

“सतरा,” बाई म्हणाल्या.

“अठरा,” आई म्हणाली. “एक कमरेच्या पट्ट्यात आहे.”

बाईंनी पट्टा चाचपला. तो जोड त्यांना सापडायला वेळ लागला. उठल्यावर त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “मी सांगून समितीला पटायचं नाही. त्यांनी हा बघायला हवा. बुधवारी बैठक आहे. स्कर्ट तेवढे दिवस इथे राहू द्या.”

मुख्याध्यापकांनी मान हलवली. मी घरी जाऊन फ्रॉक घातला आणि स्कर्ट कागदात गुंडाळून शाळेच्या कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने त्याची पोच दिली नाही.

माझ्याकडे गणवेशाचा तो एकच स्कर्ट होता. सोमवारपासून बुधवारपर्यंत घरी राहायचे आणि गुरुवारी निकाल बघायचा, असे मी ठरवले होते. आईला ते मान्य नव्हते. तिचे म्हणणे, नादारी मागणाऱ्या मुलीने तीन दिवस दांडी मारली तर तेही लिहितील. रविवारी सकाळी तिने ट्रंकेतून वडिलांची निळी पँट काढली. ती ते दिवाळीच्या हंगामात दुकानात घालत.

“दिवाळीला मी काय गुंडाळू?” वडिलांनी विचारले.

“दिवाळीला चार महिने आहेत,” आई म्हणाली आणि पहिली कात्री मारली.

मी तिला म्हणाले की साधा शिव, काही करू नकोस त्याला. ती म्हणाली, पायांच्या पट्ट्या अरुंद आहेत, साधा शिवला तर चारी जोड समोर दिसतील. दुपारी चारपर्यंत स्कर्ट तयार झाला. या वेळी बारीक, एकाच दिशेने पडणाऱ्या प्लीट होत्या. तो पहिल्यापेक्षा चांगला होता. सोमवारी वर्गशिक्षिका हजेरी घेताना थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे वा, नवीन?” मी “नाही” म्हणाले. त्यांना ते खोटे वाटले असणार.

बुधवारी समितीची बैठक मधल्या सुट्टीत झाली. गुरुवारी मी कचेरीत गेले. कारकुनाने वही न उघडताच सांगितले.

“अर्धी झाली.”

“अर्धी का?”

“साहेब पुरी द्या म्हणत होते. बाईंनी तर तुझा स्कर्ट टेबलावर उलटा करून भाषणच केलं. सगळ्यांना पटतही होतं. तेवढ्यात तू खिडकीवरून गेलीस की! टेबलावर एक स्कर्ट, पोरीच्या अंगावर दुसरा. मग एक मेंबर म्हणाले, ह्यांच्याकडं आहेत तरी किती?” तो हसला. “एकच दिवस घरी बसली असतीस तर काम झालं असतं बघ.”

स्कर्ट त्याने परत दिला. दोन प्लीट उसवलेल्या होत्या. कुणीतरी आतले कापड नीट पाहिले होते. अर्जावर नवा शेरा होता : अर्धी मंजूर. त्याखाली जुना शेरा तसाच होता. तो कुणी खोडला नव्हता.

घरी मी आईला कारकुनाचे बोलणे शब्दशः सांगितले. मला तिने काहीतरी कबूल करायला हवे होते. तिने स्कर्ट उजेडात धरला आणि विचारले, “उसवताना कात्री लावली की ब्लेड?”

उरलेल्या अर्ध्या फीसाठी आईने गल्लीतली परकर-पोलक्यांची शिलाई घ्यायला सुरुवात केली. तोवर ती बाहेरचे शिवत नसे. दुसऱ्याच्या मापाचे भराभर शिवले की हात बिघडतो, असे ती म्हणायची. ते वाक्य मी नंतर तिच्या तोंडून ऐकले नाही. मी शाळेत राहिले. खिडकीतला पुदिना त्या पावसाळ्यात काढून टाकला, कारण तिथे उजेडासाठी मशीन ठेवावे लागले.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी फिरायला येणार नाही म्हणाले. आईने ऐकले नाही. आम्ही चौघे नव्या पेठेत गेलो. मी पहिला स्कर्ट घातला होता, उसवलेल्या प्लीट पुन्हा बसवलेला. आईने लेमनची बाटली मागितली आणि चार ग्लास. बाटली उघडायच्या आत मुख्याध्यापक समोरून येताना दिसले. मी वडिलांच्या मागे सरकले. आईने त्यांना नमस्कार केला आणि दुकानदाराला सांगितले, “अजून एक ग्लास द्या.”

तिने एका बाटलीतून पाच ग्लास भरले. ते सारखे होते. मुख्याध्यापकांनी आपला ग्लास उभ्याने संपवला, “बरं आहे” म्हणाले आणि गेले.

पुढच्या जूनमध्ये मी नववीसाठी पुन्हा अर्ज केला. अर्धी मंजूर झाली. शेरा तोच होता : राहणीमान चांगले.