वळणावर न लिहिलेला नंबर

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही.

दोन हजारच्या दशकात इकडे परदेशात, बर्नाबीच्या आमच्या ऑफिसात नागपूरचा एक सहकारी होता, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. चाळिशीत पोहायला शिकला आणि लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या मागे लागला. जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, वर अख्खी मॅरेथॉन. तेव्हा आपल्यात हे कुणी करत नसे. इथल्या मराठी मंडळात लोक विचारायचे, "काय रे, पेट्रोल परवडत नाही का?"

स्पर्धा लहानशीच. त्यानं मला व्हॉलंटियर म्हणून नेलं. "भाऊ, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा अन् नंबर लिहा."

सायकलवाले रस्त्याच्या टोकाला वळसा घेऊन परत फिरत. तिथे नंबर टिपणारं मशीन नव्हतं. प्रत्येकाचा नंबर मी कागदावर लिहायचा. ज्याचा नंबर कागदावर नाही, तो अर्ध्यातून फिरला असं धरत.

दुपारी पाऊस आला. मी गाडीत बसून हीटर लावला आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा रस्ता रिकामा होता. पंधराएक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात कोण जाणार, असं म्हणून मी परत खुर्चीवर येऊन बसलो.

तो शेवटपर्यंत पळाला. आणि बाद झाला.

आयोजकांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, तुम्ही पूर्ण वेळ जागेवर होतात का? रिकामी खुर्ची त्यानं वळताना पाहिलीच असणार. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "येस, होल टाइम."

तो वळला आणि सायकल गाडीवर बांधायला लागला. वडीलधाऱ्या माणसाला परक्यांसमोर खोटं कसं पाडायचं, एवढंच त्याच्या मनात आलं असणार. परतताना गाडीत त्यानं विचारलं, "भाऊ, थंडी नाही ना वाजली?"

पुढे मंडळात त्याचं नाव 'शॉर्टकट' पडलं. तोही हसायचा. मी तिथेच बसलेला असायचो, हातात चहा घेऊन. त्यानं ट्रायथलॉन सोडलं, मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मार्कहॅमला नोकरी घेतली.

दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा, मी तिकडच्या बर्फाची. मग फोन ठेवायचो. गेल्या दिवाळीला फोन आला नाही. मीही केला नाही.

तू पूर्ण अंतर गेला होतास. खोटं मी बोललो. मला माफ कर. त्याला एवढंच सांगायचं होतं.