सुग्रीवनं निवडलेला रायझर

माझा धाकटा भाऊ सुग्रीव कुठलीबी वस्तू घेताना आधी स्वतःच्या हातात तोलून बघतो. कोयता असू द्या, टिकाव असू द्या, न्हाईतर कलिंगड. दुकानदार काय सांगतोय ते ह्याच्या कानात शिरतच न्हाई. शिरूर कासारच्या बाजारात ह्याच्यासंगं जायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. पण कोयता निवडावा तर सुग्रीवनंच, असं ऊसतोडीची अख्खी टोळी म्हणती, त्यामुळं आपलं सगळंच बरोबर असतं असं त्याला वाटाय लागलं.

त्याची थोरली पोरगी दिपाली. दिवाळी झाली की सुग्रीव अन् भावजय कोल्हापूरकडं ऊस तोडाय जातेत, अन् पोरगी माझ्याकडं राहती. शाळेच्या मैदानावर मुबीन सर धनुर्विद्या शिकवतेत, तिथं ती जाय लागली. पोरगी बुटकी, हाडकुळी, पण नेम असा की सर स्वतः घरी येऊन म्हणले, "छबुबाई, हिला पुढं न्यायचं असंल तर आता हिचा स्वतःचा रायझर पाहिजे." रायझर म्हणजे धनुष्याची मधली धातूची दांडी, जिथं मूठ असती. वर-खाली पाती त्यालाच बसवतेत. सरांनी सुग्रीवला फोनवर नीट सांगितलं, आखूड घ्या, हलका घ्या, मूठ बारीक बघा, पोरीचा हात लहान हाय. ह्यानं नुसतं हो हो केलं.

अन् तिकडं कोल्हापुरात दुकानात जाऊन केलं काय? तीन रायझर टेबलावर मांडून घेतले, एकेक हातात धरून बघितला, अन् जो स्वतःच्या मुठीत पक्का बसला त्यो उचलला. सगळ्यात लांब, सगळ्यात जड. वर शहाणपणा असा की तिथून निघून थेट भांड्याच्या दुकानात गेला, अन् तांब्यावर घालतेत तसं रायझरवर पोरीचं नाव घालून घेतलं, अन् मग इकडं धाडून दिला. सरांनी फोन करून बदलून मागितला तर दुकानदार म्हणला, नाव घातलेला माल मी कुणाला विकू?

सुग्रीवला मात्र कुणी काही बोललं न्हाई. दिपालीनं मला अन् सरांना शपथ घातली. "पप्पा किती खूश हायत, आत्या. त्यांना नका सांगू." सरांनी मूठ तासून बारीक केली, पण वजन अन् लांबी कशी तासणार? पोरगी हट्टानं त्यालाच धरून बसली, अन् महिन्याभरात धनुष्य पेलायचा डावा खांदा धरला. मी रोज शेकायची अन् शिव्या घालायची, बापालाबी अन् लेकीलाबी. शेवटी सरांनी क्लबचा जुना, हलका रायझर तिच्या हातात दिला. त्यानं ती सराव करायची, अन् रविवारी बापाचा व्हिडिओ कॉल आला की जड रायझर उचलून हसायची. बाप तिकडं टोळीतल्या माणसांना बोलवून दाखवायचा. असलं नाटक बघून माझा नुसता संताप व्हायचा.

फेब्रुवारीत बीडला निवड चाचणी लागली. पहिल्या चार पोरी राज्याच्या स्पर्धेला जाणार व्हत्या. क्लबचा रायझर असंल तर दिपाली चारात बसती, जड घेतला तर खांदा पहिल्याच फेरीत जाईल, असं सरांनी तिला बजावलं. ती कबूलबी झाली. अन् सकाळी बघते तर मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपाशी सुग्रीव उभा. मुकादमाची बोलणी खाऊन आलता, खास लेकीचा खेळ बघाय.

दिपालीनं बापाला बघितलं. जोडून ठेवलेलं क्लबचं धनुष्य तिनं गपचूप खाली घेतलं, त्याची पाती काढली अन् पिशवीतल्या जड रायझरला बसवाय लागली. सर माझ्याकडं बघाय लागले. बोलावं तर भावाचं काळीज तुटणार, न बोलावं तर पोरीचा खांदा.

"आक्का, बघ, आपलाच काढला," सुग्रीव म्हणला.

"तुझं डोंबल," मी म्हणले. "त्या दांडक्यानं तिचा खांदा धरलाय. किती दिवस झाले मी शेकायलेय."

त्याचं तोंड एकदम उतरलं. "मग मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

त्यो दोरी उचलून आत गेला. पंच शिट्टी वाजवत मागं पळाले, ह्यानं वळून बघितलं न्हाई. पोरीच्या हातातनं रायझर काढून घेतला अन् म्हणला, "दिपा, ह्यो माझ्या हातात बसलता. तुझा हात मी बघितलाच न्हाई." ती खाली मान घालून रडाय लागली. सरांनी घाईघाईनं पाती परत क्लबच्या रायझरला चढवली.

ती खेळली. पण पहिल्या फेरीतले बाण कुठल्या कुठं गेले. पुढं सावरली, तरी पाचवी आली.

परतीच्या यष्टीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला वाटलं आता सुग्रीव माझ्यावर भडकणार, अन् भडकला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं लेकीकडं बघितलं. मग हळूच म्हणला, "आक्का, आणखी काय काय सांगत न्हाई गं ती मला?"

दिवाळीनंतर ते दोघं निघाले की पोरगी किती दिवस धड जेवत न्हाई, हे त्याला सांगावं का न सांगावं, शिरूर आलं तरी माझं ठरलं न्हाई.