आईंच्या बरणीवरचा दगड

मी दगड घासते. छंद म्हणून. आमच्या डिचोलीत बायका शिवण करतात, केक करतात, भजनाला जातात. मी दगड घासते, आणि हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग कीव आल्यासारखा माझ्या नवऱ्याकडे.

त्यातही हे नुसतं घासणं नाही हं! दोन-तीन जातींचे दगड पातळ कापायचे, तुकडे कडेला कड लावून चिकटवायचे आणि त्या जोडकामाचा एकच खडा घडवायचा. खालून सपाट, वरून फुगीर, गुळगुळीत. त्याला कॅबोशॉन म्हणतात. हा शब्द मी आईंना (म्हणजे सासूबाईंना) मोठ्या हौसेने शिकवायला गेले. त्यांनी खडा तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बटण बरें जालां," त्या म्हणाल्या. "पूण भोकां खंय?"

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या कलेला 'बटणां' म्हणतात.

आमच्या ह्यांचा ट्रक पूर्वी सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणीवर माल ओढायचा. खाण बंद पडली, ट्रक गेला, हे शाळेची बस चालवू लागले आणि ट्रकची शेड रिकामी राहिली. तिथे मी माझं यंत्र मांडलं. आता त्या खनिजाच्या दगडाची एक गंमत आहे. दिसायला काळा, चकचकीत, पण घासायला घेतला की त्यातून लालभडक पाणी सुटतं! पहिल्याच दिवशी शेड लाल, मी लाल, आणि दोरीवर वाळत असलेली आईंची देवळात जायची फिकट साडीसुद्धा लाल. घरातल्या पुरुषांचे खाणीचे लाल कपडे धुण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तकडे खाण बंद जाली," त्या म्हणाल्या, "आनी हकडे सुनेन घरात उगडली!"

अशा ह्या आईंच्या तोंडून एकदा तरी, बटण हा शब्द न लावता, माझ्या कामाला 'बरें जालां' म्हणवून घ्यायचं, असं मी मनाशी धरलं होतं. पेडण्याला त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं आणि मला संधी मिळाली. आई पेडण्याच्या माहेरवाशीण. तिथे मिरवायला त्यांच्यासाठी गळ्यातलं पदक करायचं ठरवलं, अर्थात गुपचूप. सुर्ल्याचा काळा दगड होता, मागवलेला हिरवा होता. मध्ये बसवायला काहीतरी शांत रंगाचं हवं होतं, ते काही मिळेना.

आणि एका सकाळी शेडबाहेरच्या माझ्या दगडांच्या राशीवर बघते तर काय! नदीतला मोठा गोटा, राखाडी, मधून दुधासारखी पांढरी रेघ. हे ह्यांचंच काम, मी ओळखलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी गजरा आणायचं सुचलं नाही, पण बायकोचा नाद ओळखून माणसाने दगड आणला! मला भरूनच आलं. संध्याकाळी हे घरात पाऊल टाकतात तोच म्हटलं, "काय बरो दगड आणलात हो!"

मी कसल्या दगडाबद्दल बोलतेय, ह्याचा ह्यांना पत्ता नव्हता. पण बायको हसून बोलत असेल तर तपशिलात शिरू नये, एवढं शहाणपण ह्यांनी संसारात कमावलं आहे.

"आवडलो मगे तुका?" हे म्हणाले. "मग जालां तर!" आणि खुशाल सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी गोटा कापायला घेतला. पातं फिरलं, पाणी उडालं आणि एकदम कैरीचा वास! आंबट, खारट, तोंडाला पाणी सुटेल असा. शेजारच्या आंब्याला कैऱ्या लगडल्या होत्या, त्यांचाच असणार म्हटलं. मग त्या दगडाला गोंद धरेना. साबणाने धुतला, उन्हात ठेवला, परत चिकटवला, परत निसटला. (असा हट्टी दगड मी पाहिला नव्हता.) शेवटी एकदाचा धरला. घासून, चकाकी देऊन चांदीच्या कोंदणात बसवला तेव्हा मी स्वतःच त्याच्याकडे बघत बसले.

त्याच सुमाराला बाजारात तोरं आली. तोरं म्हणजे कोय न धरलेल्या कोवळ्या कैऱ्या. मिठात घालून त्या बरणीत भरायच्या, वर जड दगड ठेवून चेपायच्या, की पुढे वर्षभर पेजेबरोबर खाता येतात. ह्या बरणीला आईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. 'हात बदललो की तोरां कुसतात,' म्हणजे नासतात, हा घरचा कायदा. त्यामुळे लग्न होऊन सावंतवाडीहून इथे आल्यापासून मी तोर पाहिलं ते फक्त ताटात. बरणीच्या आत काय असतं, ते आईंना आणि देवाला ठाऊक!

आईंनी मीठ काढलं, बरणी पुसली आणि त्यांची हाक आली.

"माजो फातर खंय गेलो?"

"कुठे ठेवला होता, आई?"

"धुवन उन्हाक दवरल्लो! थंय, भायर!" आणि त्यांनी हाताने अख्खं अंगण दाखवलं.

शोध सुरू झाला. ह्यांनी कोंबड्यांचं खुराडं उपसलं. आईंचा संशय शेजारच्या कुंदाकाकीवर गेला. ("तिचीं तोरां दर वर्सा कुसतात. तिका जाय आसतलो!") आणि सगळ्यात जास्त जोर कुणाचा? माझा! मी विहिरीत गळ टाकला. माळ्यावर चढले. "आईंचा दगड म्हणजे काय चेष्टा आहे?" असं ह्यांना दोनदा सुनावलंसुद्धा.

दगड मिळाला नाही. आई रिकाम्या बरणीपाशी बसून राहिल्या. समोरची पेज निवली, पण त्यांनी हात लावला नाही. मग हळूहळू बोलू लागल्या. लग्नात त्यांच्या आईकडे लेकीला द्यायला धड तांब्याचा हंडाही नव्हता. मग ती माउली स्वतः नदीत उतरली, हा दगड निवडून काढला आणि लेकीच्या ट्रंकेत ठेवला. इकडे सासरी ट्रंक उचलणाऱ्यांचे खांदे मोडायची वेळ आली. त्यांना वाटलं, नवरीने सोनं आणलंय सोनं! हे सांगताना आई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बिचाऱ्यांना बरं वाटावं म्हणून मी धावत जाऊन पदक आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि तिथेच थांबल्या. मग नाकाजवळ नेलं.

"हाका तोरांचो वास येता," त्या म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "तो दगड तुम्हीच आणलात ना?"

"खंयचो दगड?"

"ज्याच्या नावावर हुमण दोनदा वाढून घेतलंत, तो!"

हे कधी नव्हे ते खरं बोलले. म्हणाले, "माका वाटलां, तू खंयच्या तरी दुसऱ्याच दगडाबद्दल बोलतस."

धरणीने पोटात घ्यावं, दुसरं काही नको, असं मला झालं. "आई," मी म्हटलं, "मी कापला तो. मला माहीत नव्हतं हो." आणि मीच रडायला लागले. दगड गेला आईंचा, आणि हुंदके देतेय कापणारी!

आई पदकावरून बोट फिरवत होत्या. काळा, मग राखाडी, मग पांढरी रेघ. बोट तिथे थांबलं.

"रेग तशीच दवरल्या गो तुवें," त्या म्हणाल्या. "उरलेलो हाड."

उरला होता लिंबाएवढा एक तुकडा, तो मी आणून दिला. त्यांनी तो धुतला, हातावर तोलला, मान हलवली. त्याने काही तोरं चेपली जाणार नव्हती. मग त्यांनी शेडकडे पाहिलं.

"तुजीं बटणां हाड."

"कुठली?"

"बिगडलेलीं. सगळीं!"

(माझी बिघडलेली बटणं म्हणजे थोडाथोडका ऐवज नाही.) ती सगळी एका काचेच्या बाटलीत ठासून भरली, झाकण घट्ट लावलं, बाटली पांढऱ्या फडक्यात गुंडाळली. आईंनी तोरं रचली, मीठ पसरलं आणि बाजूला सरल्या.

"दवर."

"मी? माझा हात बरणीत?"

"फातर कापपाक हात चल्लो, आनी आता लजता?"

तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझा हात त्या बरणीत गेला. बाटली ठेवली, तिच्यावर त्यांच्या आईचा तो लिंबाएवढा तुकडा ठेवला. आईंनी वाकून पाहिलं, बोटाने दाबून बघितलं.

"वजनाक बरीं आसात गो तुजीं बटणां," त्या म्हणाल्या. बटण शब्द होता, पण मी तक्रार केली नाही.

लग्नात आई पदक पदरावर काढून मिरवल्या. दिसेल त्या बाईला थांबवून सांगत होत्या, "माजे आवयचो फातर. बरणीवयलो. सुनेन कापलो आनी सुनेनच हें केलां." बायका पदक हातात घेऊन बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. माझी मान अशी ताठ झाली की जेवणाच्या पंगतीतही खाली येईना. त्या वर्षीची तोरंही झकास झाली, एकही कुसलं नाही.

हल्ली पेडण्याला आमचं जाणं-येणं वाढलं आहे. सगळीकडे माझं प्रेमाने स्वागत होतं. फक्त मी पायरी चढायच्या आत घरातली एखादी बाई लगबगीने मागच्या दारी जाते आणि उन्हात ठेवलेला दगड उचलून आत नेते. परवा तर आईंच्या भावजयीला मसाल्याचा रगडा काही उचलता येईना, तेव्हा ती चक्क त्याच्यावर बसली, आणि आम्ही निघेपर्यंत तिथून उठली नाही!