ड्राफ्टमध्ये अडकलेला चेतनमामा

चेतनमामा हडपसरच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका त्याला लांबून दिसतात. स्वतःच्या बाइकची किल्ली मात्र तो बाइकलाच ठेवून येतो आणि मग घरभर शोधतो.

त्याच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती मेलची. दिवसभरात काय तपासलं ते रोज संध्याकाळी सहाच्या आत अमेरिकेतल्या क्लायंटला कळवायचं असतं. मामा काम चोख करायचा, मेल लिहायला घ्यायचा, ‘हाय टीम’ एवढं टाइप करायचा आणि तेवढ्यात त्याला दुसरंच काहीतरी आठवायचं. मेल ड्राफ्टमध्ये पडून.

त्याचे मॅनेजर दत्तप्रसाद शनिवार पेठेतले. चिडले की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो.

“चेतन, आपण काम करता असं ऐकून आहे. ऐकूनच आहे.” मग आणखी खालच्या पट्टीत, “आता एक मेल जरी चुकली तर प्रोजेक्टमधून नाव काढतो. बेंचवर निवांत बसा.”

बेंचवर म्हणजे काम नाही, आणि थोड्या दिवसांनी नोकरीही नाही.

माझी आजी कांताबाई मूळची लोणी काळभोरची. तिचं निदान तयार होतं. “शाळेत बी आसाच. गणितं समदी बरोबर, अन् पेपरवर नाव न्हाई. आळस हाय, दुसरं काय.”

मामाला एडीएचडी आहे हे डॉक्टर पूर्णिमाबाईंनी सांगितलं, तेव्हाही आजी शेजारच्या खुर्चीवर बसून तेच म्हणाली.

“आळशी माणूस मजेत असतो, आजी,” डॉक्टर म्हणाल्या. “हे मजेत दिसतात का? काय करायचं ते यांना कळतं. सुरुवात करणं आणि शेवटापर्यंत नेणं, तिथे यांचा मेंदू अडतो. गोळीने थोडं सोपं होईल. पण आठवण डोक्यात ठेवायची नाही, बाहेर ठेवायची. डोळ्यांसमोर.”

मामाने ते फारच मनावर घेतलं. चार रंगांच्या चिठ्ठ्या आणल्या, दोन अॅप घेतली, एक पांढरा बोर्ड आणला. कुठल्या कामाला कुठला रंग, हे ठरवण्यात अख्खा रविवार गेला. बोर्डवर पहिलंच काम लिहिलं होतं, ‘बोर्ड भिंतीवर लावणे’. बोर्ड दारामागे जमिनीवर उभा.

चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या फरशांवरही आल्या. “वट्टा पुसू का तुझी पोथी वाचू?” आजी म्हणाली.

अलार्म लावला. अलार्म वाजला की मामा तो बंद करायचा, आणि बंद केला म्हणजे काम झालं, असं त्याच्या बोटांना वाटायचं. एकदा मेल कशीबशी पाच एकोणसाठला गेली. त्या दिवशी तो घरी आला आणि बूट न काढताच बसून राहिला. “सगळं माहितीये मला, आई. हातच उचलत नाही.”

आजी पहिल्यांदाच आळसाचं नाव न काढता उठली आणि चहा टाकायला गेली.

पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, “त्या वेळेला कुणीतरी नुसतं सोबत असू द्या. फोनवर चालेल. शिकवायचं नाही, बोलायचं नाही.”

बोलायचं नाही, ही अट आजीला जड गेली. पण रोज साडेपाचनंतर ती मामाला फोन लावून स्पीकरवर ठेवायची आणि मेथी निवडत बसायची. मध्येच एकच प्रश्न. “गेली का?”

“पाठवतो.”

“पाठवतो न्हाई. पाठव. मी धरलाय फोन.”

त्या शुक्रवारी क्लायंटला मोठा रिपोर्ट जायचा होता. आजी आणि मी, आम्ही दोघी फोनसमोर. टकटक ऐकू आली, मग मामाचा सुस्कारा. “गेली.”

आजीने मेथीची जुडी खाली ठेवली. तेवढ्यात मागून तो उतरलेला आवाज आला. “चेतन, मेल सुरेख आहे. ‘सोबत फाइल जोडली आहे’ हे वाक्य तर फारच सुरेख. फाइल मात्र आपल्याकडेच ठेवलेली दिसते.”



“आई, ठेवू नको,” मामा कुजबुजला.

आजीने तोंडावर पदर धरला. बोलायचं नव्हतं ना. पुन्हा टकटक.

“आता फाइलसकट,” मामा म्हणाला.

“मिळाली,” दत्तप्रसाद म्हणाले. “सहा वाजायचे आहेत, म्हणून आज प्रोजेक्टवर आहात. सोमवारचं सोमवारी बघू.”

आजीने श्वास सोडला. “उद्यापासनं दोनदा इचारीन. मेल गेली का, अन् फाइल गेली का.”

“उद्या शनिवार आहे, आई. आणि अजून ठेवू नको. बाइकची किल्ली सापडत नाहीये.”

“बाइकलाच आसंल,” आजी म्हणाली. “जा खाली. मी धरते.”