ताप कुणाला

सई, नील, काल फोनवर तुम्ही दोघं मला रागावलात, की ताप आहे तर आजी गोळी का घेत नाही. खोकल्यामुळे तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहिते.

मागच्या साथीत असाच एक विषाणू तुमच्या आजोबांना घेऊन गेला. या वेळी त्याचा कुणी भाऊबंद माझ्याकडे आला.

आजोबांच्या जुन्या थर्मामीटरमधला पारा चढलेला पाहून स्वयंपाकाच्या सुमनताई म्हणाल्या, "आजी, ताप आलाय तुम्हाला."

"मला नाही, त्याला."

"कुणाला हो?" त्यांनी वळून दाराकडे पाहिलं.

विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढू लागतो, तेव्हा त्याचं परकं अक्षर पेशी ओळखते. मग ती शेजारणींना इंटरफेरॉन नावाचा निरोप धाडते. त्या दारं लावून घेतात, त्याला नक्कल काढू देत नाहीत. मारेकरी पेशी त्याने बळकावलेली घरं शोधून त्याच्यासकट पाडतात. वर अंग तापतं, ते त्याला सोसू नये म्हणून. हे सगळं शरीराला जन्मतःच येतं.

एवढ्या तापाला गोळी नाही घेतली तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी तशीही घेणार नव्हते. त्याच्यावर दया कशाला करायची? पारा चढत होता आणि मी अंगाला सांगत होते, दे, अजून ताप दे त्याला. आजोबांच्या वाटणीचाही दे.

आज पारा उतरला. तो विषाणू संपला. मी आहे, आणि आजोबांचं थर्मामीटर आहे.